बेंचवर लिहू द्या

(आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दुपारच्या सत्रात शिक्षकांसमोर बोलले होते, ते मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून काढलंय. मध्ये माईक बंद पडला तेवढा भाग गाळलाय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. जेवणं झालीत, वर पत्रा तापलाय आणि मला दुपारचं सत्र दिलंय, म्हणजे केंद्रप्रमुख साहेबांचा माझ्यावर एकतर फार विश्वास आहे नाहीतर काहीतरी जुना राग आहे.

आधी एक काम करा. आपण हायस्कूलच्या वर्गात बसलोय, समोर बेंच आहे, त्याच्यावरच्या डायऱ्या-पाण्याच्या बाटल्या जरा बाजूला घ्या आणि तुमच्या कोपराखाली काय लिहिलंय ते वाचा. हं सर, मोठ्यानं वाचा की. "टू पाय आर." बरोबर, वर्तुळाचा परीघ, दहावीचं सेंटर आहे इथं. मॅडम तुमच्याकडे? बाण घुसलेला बदाम, दोन अक्षरं, त्यातलं एक खोडलंय. बरं. मागच्या बाजूला काय? "गणित हटाव". आणि हे सगळं करकटकानं कोरलेलं, त्यावर पेन फिरवलेलं, मग पुढच्या बॅचनं परत गिरवलेलं. म्हणजे बेंचवर लिहायची मुलांची हौस काय आहे ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको, आपण सगळे ते करून बसलोय. मी स्वतः पाचवीत बेंचवर नवाचा पाढा लिहिला होता आणि गुरुजींनी घरून पॉलिश पेपर आणायला लावला, दोन मधल्या सुट्ट्या मी तो पाढा घासत होते. पाढा मात्र तेव्हापासून पाठ आहे, ते सोडा.

तर विषय असा की मी गेली काही वर्षं सहावी-सातवीच्या मुलांना गणिताच्या तासाला बेंचवरच लिहायला लावते. म्हणजे बेंचचा वरचा पृष्ठभाग मार्करनं लिहून पुसता येईल असा करून घेतलाय. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, खालच्या वर्गांना बस्कर पट्टी आणि वरच्या दोन वर्गांना बेंच. जुने लाकडी बेंच, दोघांचा एक, असे सोळा. हे काही मी शोधून काढलेलं नाही, बाहेरच्या देशांत लिहिता येणारी टेबलं तयार विकत मिळतात आणि आपल्याकडं पण काही मोठ्या शाळांत आलीत. आपल्याकडं पैसे नसतात म्हणून आपण जुगाड करतो आणि जुगाडात जे शिकायला मिळतं ते तयार टेबलात मिळत नाही, हे माझं मत.

पहिला जुगाड पार फसला, तो आधी सांगते म्हणजे तुम्ही तरी करणार नाही. शाळेच्या रंगरंगोटीतून पांढरा ऑईल पेंट उरला होता, मला वाटलं चकचकीत तर दिसतोय, लावू की. एका रविवारी आम्ही दोघी शिक्षिका आणि सातवीची चार पोरं, चार बेंच रंगवले, दोन हात दिले, वाळू दिलं. मुलांनी लिहिलं, मस्त लिहिलं, आणि पुसायला गेली तर निम्मं निघालं आणि निम्मं तिथंच. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरं गणित, तिसऱ्या दिवशी तिसरं, आठवडाभरात बेंच असा दिसायला लागला की धुक्यातून जुनी गणितं डोकावतायत. मुलं त्याला "भुतं" म्हणायची. बाई, माझ्या बेंचवर कालच्या लसाविचं भूत आहे.

मग मी जरा वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं भानगड काय आहे. व्हाईटबोर्ड मार्करच्या शाईत रंगाचे कण असतात, उडून जाणारं अल्कोहोल असतं आणि एक तेलकट पदार्थ असतो जो त्या कणांना खालच्या पृष्ठभागाला घट्ट धरू देत नाही. अल्कोहोल उडालं की वर नुसती कोरडी पापुद्र्यासारखी रेघ राहते, म्हणून फडक्यानं निघते. पण हे कधी, तर खालचा पृष्ठभाग अगदी बिनछिद्राचा असेल तेव्हाच. आपल्या ब्रशनं मारलेल्या ऑईल पेंटवर बारीक छिद्रं असतात, शाई त्यात मुरते आणि मुरली की बसली. काच चालते, एनॅमलचा पत्रा चालतो, मार्करसाठीचं लॅमिनेट चालतं. घरातल्या ओट्याजवळची गुळगुळीत चकचकीत सनमायका असते ना, ती पण चालते काही दिवस, पण पोरांनी एकदा कंपासपेटी घासली की त्या चरांत शाई शिरते आणि परत भुतं.

शेवटी गावातल्या सुतारानं मार्ग काढला. मार्करचं पांढरं लॅमिनेट आठ बाय चारच्या शीटमध्ये मिळतं. आमच्या बेंचचा वरचा भाग चार फूट लांब आणि सव्वा फूट रुंद. मी हेच गणित मुलांना दिलं, एका शीटमध्ये किती बेंच? बहुतेकांनी क्षेत्रफळ काढलं, बत्तीस भागिले पाच, सहा पूर्णांक दोन छेद पाच, आणि एकानं मान वर करून विचारलं की बाई दोन छेद पाच बेंच कसा करणार. मग पट्ट्या आखून बघितल्या, रुंदीत तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टीत दोन, असे सहा, आणि एक तीन इंचांची पट्टी उरते. सोळा बेंचला तीन शीट. उरलेल्या तुकड्यांच्या छोट्या पाट्या केल्या, त्या खालच्या वर्गांना गेल्या. पैसे कुठून, तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडलं, एका पालकानं एक शीट दिली, बाकी वर्गणी. सुतारानं मजुरी घेतली नाही, फक्त फेविकॉलचे पैसे घेतले, त्याची मुलगी सहावीत होती. एक सांगते, कडेला पट्टी मारून घ्या, नाहीतर पोरं नखानं लॅमिनेटचा कोपरा उचलत बसतात, आमच्या दोन बेंचचे कोपरे महिन्यात उचलले होते.

आता मुद्द्यावर येते. एक मुलगी होती, नाव सांगत नाही, आता ती मोठी झालीय. वहीत लिहायला सांगितलं की ती आधी शेजारचीची वही बघायची, मग शिसपेन्सिलनं अगदी फिकट, वाचता येणार नाही असं लिहायची, आणि उत्तर बरोबर आहे असं मी म्हटल्यावर त्याच्यावर पेन फिरवायची. खोडरबरनं तिच्या वहीला भोकं पडलेली असायची. तर अपूर्णांकांची बेरीज चालली होती, असमान छेदाची, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. तिनं बेंचवर मार्करनं ठसठशीत लिहिलं, दोन छेद पाच. वरचे दोन मिळवले, खालचे दोन मिळवले, झालं. तुमच्या वर्गात पण निम्मी मुलं हेच करतात, हो का नाही? वहीत असतं तर मी लाल फुली मारली असती आणि वर लिहिलं असतं, छेद समान करा.

पण तिची वही नव्हती, बेंच होता आणि शेजारी जोडीदारीण होती. मी काही बोलले नाही, नुसतं म्हटलं भाकरी काढून दाखवा. तिनं गोल काढला, अर्धा रंगवला. शेजारी दुसरा गोल, त्यात तिसरा हिस्सा. मग तिसरा गोल, पाच भाग, त्यातले दोन. आणि थांबली. जोडीदारीण म्हणाली, अगं हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. ती म्हणाली, असं कसं, अर्ध्यात अजून घातलं की. दोघी त्या तीन गोलांकडं बघत बसल्या, साधारण अर्धा मिनिट असेल, आणि मग हिनं तळहातानंच, फडकं पण नाही घेतलं, तो दोन छेद पाच पुसून टाकला. हाताला निळं लागलं. आणि पहिल्या भाकरीचे सहा भाग करायला लागली. का सहा, ते मी तिला सांगितलं नव्हतं, तीन भाग करून बघितले, अर्ध्याशी जुळेनात, मग तिचं तिनंच सहा केले.

मला या बेंचचं जे काही कौतुक आहे ते त्या तळहातानं पुसण्याचं आहे. चूक झाली तर ती कायमची राहणार नाही, कुणी तारखेसकट सही करून ठेवणार नाही, पालकसभेत दाखवणार नाही, हे मुलाला माहीत असलं की ते लिहायला घाबरत नाही. आणि लिहिलं की मला दिसतं. एवढंच आहे सगळं, बाकी लॅमिनेट आणि मार्कर हा सुतारकामाचा भाग.

दिसतं म्हणजे काय ते पण सांगते. भागाकार दिला होता, सहाशे बारा भागिले सहा. मी मागून पुढं नुसती चालत गेले, काही बोलले नाही, आणि सोळापैकी नऊ बेंचवर उत्तर बारा. मधलं शून्य खाल्लं. वह्या असत्या तर मला हे दुसऱ्या दिवशी तपासताना कळलं असतं, तोवर त्यांनी तसेच अजून दहा भागाकार केलेले असते. इथं मी दोन मिनिटांत थांबवलं, म्हटलं सहाशे बारा रुपये सहा जणांत वाटले, प्रत्येकाला बाराच? बाकीचे पैसे मी घरी नेऊ का? झालं, फडकी निघाली.

आता तुम्ही म्हणाल हे तर पाटीचंच झालं. अहो झालंच की. आपल्याकडं पाटीच्या आधी धूळपाटी होती, लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, त्यात काडीनं गिरवायचं, हात फिरवला की कोरी. धुळाक्षरं गिरवणं हा शब्द आपण अजून वापरतो, धूळ कुठं गेली ते विसरलो. आणि गणिताला तर जुन्या ग्रंथांत पाटीगणितच म्हणतात, श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचं नावच ते, भास्कराचार्यांची लीलावती पण त्याच जातीची, आणि अशा आकडेमोडीला धूलिकर्म असा शब्द आहे. फळीवर धूळ आणि त्यात गणित. गुणाकार करताना गुणक सरकवत न्यायचा आणि मधले आकडे पुसून त्यांच्या जागी नवे लिहायचे अशी रीत होती, कपाटसंधी म्हणतात त्याला, शेवटी फळीवर फक्त उत्तर उरायचं. हे लक्षात ठेवा, यातली अडचण पुढं सांगणार आहे.

आणि गंमत बघा, हे आपल्याकडून तिकडं गेलं. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमाची शाळा बघत होता, १७८९ पासून. तिथल्या एका देशी शाळेत त्यानं मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना बघितली आणि आपल्या शाळेत सुरू केलं, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं हे पण त्यासोबत. १७९७ ला लंडनला त्यानं त्याचा अहवाल छापला. पुढं जोसेफ लँकेस्टरनं लंडनच्या बरो रोडला गरिबांची शाळा चालवली, एकेका हॉलमध्ये शेकड्यांनी पोरं, कागद परवडणार कुठून, तर सगळ्यात लहान मुलांच्या बाकांवरच वाळू. बाकाची फळी काळी रंगवलेली, कडेला उंच पट्टी, आत कोरडी वाळू, मुलांनी बोटानं अक्षर काढायचं, मॉनिटर बघणार आणि वाळू परत सपाट करणार. म्हणजे लिहून पुसता येणारा बेंच दोनशे वर्षांपूर्वी होता, आणि तो गरिबीतनं आला होता, फर्निचरच्या कॅटलॉगमधनं नाही.

मग मध्ये काय झालं? मध्ये फळा आला, भिंतीवरचा मोठा, आणि खडू गेला मास्तरांच्या हातात. १९८७ ला आपल्याकडं खडू-फळा मोहीम झाली, ऑपरेशन ब्लॅकबोर्ड, खेड्यापाड्यातल्या शाळांना किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा वगैरे साहित्य मिळावं म्हणून, आणि त्याची गरज होती, मी नाकारत नाही, माझी पहिली शाळा त्यातल्याच खोलीत भरायची. पण चाळीस मुलांत फळ्यापाशी उभं राहून लिहायची पाळी एकेकाला कधी यायची, आणि आली तर सगळ्यांसमोर चुकायची.

परत मुलांच्या हातात खडू देणारे लोक पण आपल्याच देशात झाले. चेन्नई महापालिकेच्या शाळांत २००३ च्या सुमाराला कृतीवर आधारित शिक्षण सुरू झालं तेव्हा भिंतीला खाली, मुलांच्या उंचीवर फळे केले, प्रत्येकाला त्यातला स्वतःचा तुकडा. आणि आपल्या साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडं असलेल्या शाळांचा गट, तर इथं निम्म्या लोकांनी बघितलं असेल, हात वर करा बघू, हं, बरेच आहेत. प्रतिभा भराडे मॅडम तिथं विस्तार अधिकारी होत्या, तिथं मुलं फरशीवर बसून खडूनं फरशीवरच लिहायची, आखलेल्या चौकटी, अंक, शब्द. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर निघाला आणि मग सगळीकडं फरशा रंगल्या. खरं बोलायचं तर बऱ्याच ठिकाणी फक्त फरशाच रंगल्या. मी एका शाळेत गेले होते, फरशी इतकी सुंदर रंगवली होती की गुरुजी मुलांना तिच्यावर लिहू देत नव्हते, रंग जाईल म्हणून. बस्कर पट्टी टाकून झाकली होती. बेंचचं तसं करू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

आता माझ्या विरोधातलं एक सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम एकच बाजू सांगतायत. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात पीटर लिलजेडाल म्हणून गणितशिक्षणाचे अभ्यासक आहेत. त्यांनी पाच प्रकार करून बघितले, मुलांचे गट केले आणि एका गटाला भिंतीवरचा व्हाईटबोर्ड, एकाला टेबलावर आडवा व्हाईटबोर्ड, एकाला भिंतीवर मोठा कागद, एकाला टेबलावर मोठा कागद आणि एकाला वह्या. गणित दिल्यापासून पहिलं काहीतरी गणिती लिहायला किती वेळ लागतो ते मोजलं. व्हाईटबोर्डवाल्या दोन्ही गटांना वीस-पंचवीस सेकंद. मोठ्या कागदवाल्यांना दोन मिनिटांच्या वर! गणित तेच, डोकं तेच, फक्त पुसता येणार नाही म्हणून दोन मिनिटं नुसतं एकमेकांची तोंडं बघणं. वहीत पण मुलांनी पटकन लिहिलं, हे पण खरं, पण चर्चा, सहभाग, चिकाटी यात वही मागं पडली, कारण जो तो आपापल्या वहीत.

पण सगळ्यात वरचढ ठरला तो उभा बोर्ड, टेबलावरचा नाही. उभं राहिलं की कुणी झोपत नाही, बाजूच्या गटाचं दिसतं, मास्तरांना लांबून सगळं दिसतं. म्हणून तुमच्या वर्गात भिंती मोकळ्या असतील तर बेंचच्या भानगडीत न पडता भिंतीला बोर्ड लावा, मी मनापासून सांगते. आमच्या वर्गात एका भिंतीला खिडक्या, एकीला कपाटं, एकीला फळा आणि टीव्ही, चौथीला थोर नेत्यांचे फोटो, ते काढायची माझी हिंमत नाही. म्हणून बेंच.

बेंचचा एक नियम मात्र मी या लिलजेडालांकडूनच घेतलाय, दोघांत एकच मार्कर. आधी मी दोन दिले होते, तर बेंचच्या मध्ये खडूनं सीमारेषा आखली पोरांनी, महाराष्ट्र-कर्नाटक झालं. एक मार्कर दिला की ज्याच्या हातात मार्कर त्यानं दुसऱ्याचं म्हणणं लिहायचं, स्वतःचं नाही. मग बोलावंच लागतं. आमच्याकडं "तू सांग मी लिहिते" हेच त्या तासाचं नाव पडलंय.

आता अडचणी. त्या भरपूर आहेत आणि तयार टेबल विकणारे त्या सांगत नाहीत.

पहिली, आया. आपला युनिफॉर्म, पांढरा शर्ट. आडव्या बेंचवर लिहिताना मनगट आणि बाही लिहिलेल्यावरून जाते, आणि जे निघतं ते बाहीवर बसतं. पहिल्या पंधरा दिवसांत चार आया आल्या शाळेत, त्यातल्या एकीनं तो शर्टच आणला होता दाखवायला, म्हणाली बाई हे तुम्ही धुवून द्या. बरोबर होतं तिचं. आता गणिताच्या तासाला बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या हा नियम आहे आणि डाग पडलाच तर धुण्याआधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. डावखुऱ्या मुलांचं तर फारच वाईट, ती लिहित जातात आणि त्यांचाच हात मागून पुसत जातो. आमच्याकडं दोन आहेत, त्यांना मी छोटी पाटी देते आणि ती तिरकी धरायला सांगते, किंवा ती "सांगणारी" होतात आणि जोडीदार लिहितो.

खडू का नाही, असं कुणीतरी विचारेलच. काळा फळ्याचा रंग बेंचला लावून खडूनं लिहिता येतं, स्वस्त पडतं, मी एका बेंचला करून बघितलं. पण त्याच बेंचवर मुलं डबा खातात, आणि खडूची पूड वह्यांत, डब्यात, नाकात. फरशीवर ठीक, बेंचवर मला नाही आवडलं.

चमक हा एक त्रास. आमच्या खिडकीकडच्या रांगेत सकाळी अकराच्या सुमाराला उन्हाचा असा पट्टा पडतो की पांढऱ्या बेंचवरचं काही दिसत नाही, पोरं डोळे बारीक करून बसतात. दोन पडदे लावले. मॅट लॅमिनेट घेतलं तर चमक कमी, पण त्याच्यावरनं शाई नीट निघत नाही, मग भुतं. हे दोन्ही एकदम मिळत नाही.

हस्ताक्षरासाठी बेंच अजिबात वापरू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर मार्कर घसरतो, कागदावर पेनला जी पकड मिळते ती इथं नाही, अक्षरं मोठी आणि पसरट होतात, वेलांट्या-उकार कुठंही जातात. मराठीला मी वापरते ते वेगळ्या कामाला, निबंधाच्या आधी मुद्दे काढायचे, बाण काढायचे, खोडायचे, क्रम बदलायचा. जोडाक्षरं फोडायला पण बरं पडतं, "प्र" आणि "र्प" शेजारी शेजारी लिहून मोठ्यानं वाचायचं. भूगोलाच्या सरांनी एकदा नद्या काढून घेतल्या, कृष्णा मध्ये आणि तिला येऊन मिळणाऱ्या वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा. पहिल्यांदा सगळ्यांनी कोयना कोल्हापूरला नेली होती, मग पुसून कराडला आणली. इतिहासाला मला अजून काही सुचलेलं नाही.

आणि आता ती मघाची धूळपाटीची अडचण. पुसलं की गेलं. शेवटी फळीवर फक्त उत्तर उरतं आणि आपण इथवर कसे आलो ते कुणालाच आठवत नाही. पहिल्या सत्रात मला हे कळलं नाही, मुलं वर्गात धडाधड सोडवायची, मी खूश, आणि घटक चाचणीत मार्क होते तेवढेच. एका मुलानं घरी अभ्यासाला वही उघडली तर वहीत काही नाहीच, सगळं बेंचवर, आणि बेंच शाळेत. त्याचे वडील म्हणाले, मॅडम आता बेंच घरी पाठवा. तेव्हापासून तास संपायच्या आधी दहा मिनिटं फडकी बंद. बेंचवर जे शेवटी उरलंय ते वहीत उतरवायचं, आणि त्याच्या खाली एक ओळ, आधी काय चुकलं होतं आणि का पुसलं. ही एक ओळ लिहायला मुलं सगळ्यात जास्त कंटाळतात. "पाच भाग केले ते चुकलं कारण भाकरी कमी झाली", अशी ओळ त्या मुलीनं लिहिली होती. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय, चहाला दाखवते.

बरं, प्रश्न विचारा आता.

(परीक्षेच्या वेळी काय करता, कॉपी होईल, असा एका सरांचा प्रश्न.)

सर, बरोबर आहे. आमच्याकडं आदल्या दिवशी शेवटच्या तासाला सगळे बेंच स्पिरिटनं पुसून घेतो आणि मार्करचा डबा ऑफिसात. खरं सांगू का, पांढऱ्या बेंचवर लिहिलेलं लांबनं दिसतं, कॉपी करायला तो फार वाईट बेंच आहे. तुमच्या या लाकडी बेंचवरचं टू पाय आर मात्र अजून दहा वर्षं तसंच राहणार आहे. पण दहावी-बारावीचं सेंटर असेल तर बोर्डाच्या माणसांना आधी सांगून ठेवा, उगाच भरारी पथकाला धक्का नको.

(मुलं भलतंसलतं लिहितात, त्याचं काय, असा एका मॅडमचा प्रश्न.)

लिहितात. पहिला आठवडा तर नुसती चित्रं, मिशा, एकमेकांची नावं. मी पहिला आठवडा तसाच जाऊ दिला, रोज दहा मिनिटं, काय हवं ते काढा आणि पुसा. आठवड्यानं हौस फिटली. एकदा एकानं दुसऱ्याच्या आईवरनं लिहिलं, त्याचा आठवडाभर मार्कर बंद, त्यानं फक्त सांगायचं. आणि एकानं परमनंट मार्कर आणला होता घरून, मुद्दाम की चुकून देव जाणे. त्याला उपाय आहे, परमनंटच्या रेघेवर व्हाईटबोर्ड मार्करनं गिरवा आणि ओलं असतानाच पुसा, दोन्ही निघतं. एका फटक्यात नाही निघालं तर परत. आमच्या कपाटात कोरोनाच्या वेळी आलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या पडून होत्या, भुतं काढायला त्याच वापरल्या, त्यातलं अल्कोहोल काम करतं. पण रोज नको, रोज नुसतं कोरडं फडकं. फडकं म्हणजे जुने सुती पायमोजे, हातात घालून पुसायचे, मार्करचं टोपण हरवू नये म्हणून टोपणाला दोरी आणि ती दोरी त्याच मोज्याला बांधलेली, ही आयडिया सातवीच्या पोरींची.

(मार्करचा खर्च कोण करतं, असा प्रश्न मागून.)

हा खरा प्रश्न. सोळा मार्कर, पोरं दाबून लिहितात, टोकं बसतात, टोपणं उघडी राहतात. परत शाई भरता येणारे मार्कर घ्या, शाईची बाटली वेगळी मिळते, टोक बदलायला मिळतं. आडवे ठेवायचे, टोक वर करून उभे ठेवले की शाई खाली बसते आणि मुलं म्हणतात संपला, आणि टाकून देतात. टाकलेल्यातले निम्मे मी रात्रभर टोक खाली करून ठेवले तर सकाळी चालू. शाईचा खर्च शाळेच्या अनुदानातून किरकोळात बसतो, आणि दर शनिवारी दोन मुलं शाई भरायच्या ड्युटीवर असतात. त्यांचे हात बघितले की कळतं आज कोणाची ड्युटी होती ते.

अजून कुणाचा प्रश्न? नाही? मग बेंचवरचं तुमचं सामान परत ठेवायच्या आधी इथं या, मी एक उरलेली तीन इंचांची पट्टी आणि दोन मार्कर आणलेत, लिहून पुसून बघा, आणि डावखुरं कोणी असेल तर आधी त्यांनी.